नाव पुढे, माणूस मागे

पाणी आपल्याला नवे नाही. कुकडी नदी कुकडेश्वराजवळ उगम पावते. माणिकडोह आणि येडगाव या धरणांतून ती पुढे येते. निमगाव सावा आणि आसपासच्या गावांचा ऊस, कांदा, भाजीपाला तिच्या पाण्यावर वाढतो. पुढे निघोजला तिने खडकात मोठमोठे रांजण कोरून ठेवले आहेत. मग ती घोड नदीला मिळते. घोड भीमेला मिळते. भीमेचे पाणी उजनीच्या धरणात साठते.

इतके पाणी आपण रोज पाहतो. पण पाण्यावर वेगाने पळणारी मोटारबोट आणि तिच्यामागे दोर धरून पाण्यावरून घसरत जाणारा माणूस, हे आपल्याकडे सहसा दिसत नाही. आपली पोरं सहलीला अलिबागला, तारकर्लीला, गोव्याला जातात, तेव्हा त्यांना असले खेळ दिसतात. कुणी फळ्यांवर उभा राहून जातो. कुणी केळ्याच्या आकाराच्या फुग्यावर पाच-सहा जणांबरोबर बसतो. पैसे दिले, बसले, हसले, भिजले, संपले. काही पोरं तर हंगामापुरती तिकडे कामालाही राहतात.

सन २०१८ मध्ये सरकारने जुन्नर तालुका पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. आपल्या आसपास येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे आहेत. तेव्हा हा खेळ आज ना उद्या आपल्या दारी येऊ शकतो. तो येण्याआधी त्याचे नियम आपण समजून घेऊ या. नियम नुसते पाठ करायचे नाहीत. प्रत्येक नियमामागचे कारण काय, तेही पाहायचे.

हा खेळ निघाला कसा?

अमेरिकेत मिनेसोटा नावाचे राज्य आहे. तिथे थंडीत बर्फ पडते. लोक पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरतात. या फळ्यांना ‘स्की’ म्हणतात. तिथल्या राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या तरुणाच्या मनात आले, बर्फावर घसरता येते तर पाण्यावर का नाही?

त्याने आधी पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या. जमले नाही. बर्फावरच्या फळ्या बांधल्या. त्याही बुडाल्या. मग त्याने आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद अशा दोन फळ्या घेतल्या. त्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळवली. आपल्याकडचा सुतार लाकूड वाकवायला हीच युक्ती करील. १९२२ सालच्या जुलै महिन्यात पेपिन नावाच्या तळ्यावर तो नावेमागे उभा राहून घसरत गेला. पाण्यावरचे स्की सुरू झाले ते असे.

माणूस पाण्यावर उभा राहतो कसा? सपाट दगड पाण्यावर तिरका फेकला तर तो टप्पे घेत जातो. वेग संपला की बुडतो. इथेही तसेच आहे. नाव वेगाने ओढते, फळीची टोके वर असतात, पाणी फळीला खालून रेटते. वेग गेला की माणूस पाण्यात बसतो. म्हणजे त्याचा सगळा आधार दोर आणि नाव. तो स्वतः थांबू शकत नाही. नाव कुठे न्यायची तेही त्याच्या हातात नसते. तो फक्त दोर सोडू शकतो.

एका माणसाला चार डोळे नसतात

उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आपण रोज पाहतो. ड्रायव्हर पुढे बघतो. मागच्या ट्रॉलीची मोळी सुटली तर त्याला पत्ता नसतो. मागून येणारा ओरडतो, तेव्हा त्याला कळते. ट्रॅक्टरमागे ऊस असतो. इथे नावेमागे माणूस असतो.

आता जरा हिशेब करू. फळ्यांवर उभा असलेला जाणता माणूस ताशी साधारण ४० किलोमीटर वेगाने ओढला जातो. ताशी ४० किलोमीटर म्हणजे एका सेकंदाला सुमारे ११ मीटर. नाव चालवणाऱ्याने मान वळवली, ‘पडला की काय?’ म्हणून तीन सेकंद मागे पाहिले, तर तेवढ्यात नाव ३३ मीटर पुढे गेली. म्हणजे शंभर फुटांहून जास्त. त्या शंभर फुटांत पोहणारे पोर असेल, कोळ्याचे जाळे असेल, दुसरी होडी असेल, तर ते त्याला दिसलेच नाही.

आणि मागे पाहिलेच नाही तर? मग मागचा माणूस पडला तरी नाव पुढेच जाते. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. पाण्यात पडलेल्या माणसाचे फक्त डोके वर असते. लाटांमध्ये ते लांबून नारळाएवढेही दिसत नाही. त्याच वाटेने दुसरी मोटारबोट आली, तर तिला तो दिसेल का?

म्हणून या खेळाचा पहिला नियम असा आहे: नावेत दोन माणसे पाहिजेत. एक चालक. तो पुढे पाहील. दुसरा राखणदार. तो मागे पाहील. ज्वारीच्या शेतात माळ्यावर बसलेला राखण्या पाखरांवरची नजर काढत नाही. तशीच याची नजर दोराच्या टोकावर पाहिजे. त्याने फोन पाहायचा नाही. फोटो काढायचे नाहीत. मागचा पडला की लगेच चालकाला सांगायचे. हे काम लहान पोरावर सोपवू नये. दोन माणसांचा पगार परवडत नाही, म्हणून काही ठिकाणी एकच माणूस नाव हाकतो आणि मागेही बघतो. अशा नावेमागे आपण दोर धरू नये.

हाताची भाषा

मागचा माणूस आणि राखणदार यांच्यात अंतर असते. दोर साधारण ७५ फूट लांब असतो. बोलणे अशक्य. म्हणून हाताच्या खुणा ठरलेल्या आहेत. त्या अशा:

अंगठा वर: वेग वाढवा.

अंगठा खाली: वेग कमी करा.

अंगठा आणि तर्जनी जोडून वाटोळे: ठीक आहे, असेच चालू द्या.

आडवा हात गळ्यापुढून फिरवला: थांबा, इंजिन बंद करा.

डोक्यावर थापटले: मला परत काठाकडे न्या.

पाण्यात पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जोडले: मला काही लागलेले नाही.

शेवटची खूण फार महत्त्वाची आहे. पडलेल्याने ती खूण केली नाही, तर राखणदाराने समजायचे की त्याला लागले आहे किंवा शुद्ध नाही. मग एक क्षणही दवडायचा नाही. पडलेल्याने आपली एक फळी पाण्यातून उभी वर धरावी. लांबच्या नावेला डोके दिसत नाही, पण उभी फळी दिसते.

प्रत्येक ठिकाणी खुणा अगदी एकसारख्या असतीलच असे नाही. म्हणून निघण्यापूर्वी काठावरच चालक, राखणदार आणि बसणारा या तिघांनी खुणा एकमेकांना करून दाखवाव्या.

दोर हा मित्र, दोर हाच वैरी

दोराला टोकाशी मूठ असते. ती फक्त हातात धरायची. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही. कमरेला बांधायचा नाही. गळ्यात तर चुकूनही नाही. बैलाची वेसण हाताला गुंडाळून फरफटत गेलेला माणूस आपल्याकडे कुणी ना कुणी पाहिलेला असतो. नावेत किती बैलांचे बळ असते, ते सांगायला नको.

निघताना नाव आधी अगदी सावकाश पुढे न्यावी. दोर ताठ होऊ द्यावा. दोराचा वेढा कुणाच्या हातापायात नाही ना, हे राखणदाराने पाहावे. मागच्याने ‘चला’ म्हटल्यावरच वेग द्यावा. मागच्याने गुडघे पोटाशी घ्यावे, हात सरळ ठेवावे. स्वतः उठायची धडपड करू नये. नावच त्याला वर उठवते.

पडतो असे वाटले, की मूठ सोडून द्यावी. नवशिक्या माणसाला उलटे वाटते. तो भीतीने मूठ आणखी घट्ट धरतो आणि पाण्याखालून फरफटत जातो. म्हणून हे काठावरच दहा वेळा सांगावे: पडलास की सोड. पडलास की सोड.

फुग्यावर किंवा केळ्यावर बसणाऱ्यांसाठी एक गोष्ट जास्त. फळीवरचा माणूस थोडाफार डावी-उजवीकडे जाऊ शकतो. फुग्याला तेही जमत नाही. आणि नाव वळली की फुगा बाहेरच्या बाजूला फेकला जातो. गोफण आठवा. हात थोडाच फिरतो, पण दगड केवढ्या वेगाने जातो! तसेच इथे. नाव हळू वळली तरी मागचा फुगा नावेपेक्षा जास्त वेगाने वळतो. तो काठावर, धक्क्यावर किंवा दुसऱ्या होडीवर आपटू शकतो. म्हणून फुगा ओढताना वेग फळीपेक्षा कमी ठेवावा, आणि वळण मोठे घ्यावे. बसलेल्यांना मुद्दाम पाण्यात पाडण्यासाठी झटका देणारे चालक असतात. लोक हसतात. पण त्यात एकाचे डोके दुसऱ्याच्या तोंडावर आपटते आणि दात पडतात, मान लचकते. असा झटका नको, हे आधीच सांगून ठेवावे.

पंखा

मोटारबोटीच्या मागे पाण्याखाली पंखा असतो. तो फिरतो, म्हणून नाव चालते. पुष्कळ पंख्यांना तीन पाती असतात. पंखा मिनिटाला ३,२०० वेळा फिरत असेल, तर सेकंदाला ५३ फेरे झाले. तीन पात्यांचे मिळून एका सेकंदात जवळजवळ १६० घाव. कडबा कापायच्या यंत्रात हात गेला तर काय होते, ते आपल्याला माहीत आहे. पंख्याचेही तेच, आणि हा तर दिसतही नाही.

म्हणून माणूस पडला की पुढचे काम या क्रमाने करायचे.

राखणदाराने सांगायचे, ‘पडला!’ चालकाने वेग कमी करायचा. आजूबाजूला पाहून नाव वळवायची. पडलेल्याकडे सावकाश, वारा तोंडावर घेऊन यायचे. वारा पाठीमागून असेल तर तो नावेला पडलेल्याच्या अंगावर ढकलतो. पडलेला माणूस चालकाच्या बाजूला राहील असे यायचे, म्हणजे तो चालकाला सतत दिसेल. जवळ आल्यावर इंजिन बंद करायचे. अगदी बंद. नुसते गिअरमधून काढून चालणार नाही. कुणाचा धक्का लागून दांडा सरकला तर पंखा पुन्हा फिरू लागेल. पंखा थांबल्याची खात्री झाली, की मगच माणसाला वर घ्यायचे.

चालकाच्या मनगटाला किंवा जाकिटाला अडकवायची एक छोटी दोरी असते. तिचे दुसरे टोक इंजिनाच्या बटणाला असते. चालक तोल जाऊन पाण्यात पडला, तर दोरी निसटते आणि इंजिन आपोआप बंद पडते. ही दोरी नसली किंवा नुसती लोंबत असली, तर बिनचालकाची नाव पाण्यात गोल गोल फिरत राहते आणि पडलेल्यांच्याच अंगावर येते. बसण्यापूर्वी ही दोरी चालकाच्या अंगाला अडकवलेली आहे का, ते नजरेने पाहावे.

नाव चालू असताना मागच्या काठाला लोंबकळू नये, पाय सोडून बसू नये. तिथे पंखा तर आहेच, शिवाय इंजिनाचा धूर असतो. त्या धुरात वास नसलेला विषारी वायू असतो. माणसाला गुंगी येते आणि तो गुपचूप पाण्यात जातो.

धरणाचे पोट सारखे नसते

समुद्रकिनाऱ्याचे नियम आपल्या धरणाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपले पाणी आवर्तनाचे. कालव्याला पाणी सोडले की धरण खाली जाते. दिवाळीत जिथे तीन पुरुष पाणी असते, तिथे वैशाखात खडक उघडा पडतो. मधल्या महिन्यांत तो खडक पाण्याखाली हातभर असतो. तो दिसत नाही. तेव्हाच तो जास्त धोक्याचा.

धरणाच्या पोटात आणखी काय काय असते, ते आपल्या लोकांना पाहुण्यांपेक्षा चांगले ठाऊक आहे. बुडालेल्या बाभळी. जुन्या विहिरींची बांधकामे. शेतांचे बांध. काठाने उपसा करणाऱ्या मोटारींचे पाइप, वायरी आणि दोर. कोळ्यांची जाळी. ताशी ४० किलोमीटरने येणाऱ्या माणसाला यातली कुठलीही एक वस्तू पुरेशी आहे.

म्हणून खेळाची जागा आधी मोजलेली पाहिजे. तिथे निदान सहा फूट पाणी पाहिजे. जागेभोवती रंगीत पिंपे किंवा बोये तरंगत ठेवावे. पोहणारे, जनावरे धुणारे, जाळी टाकणारे यांच्यापासून निदान शंभर फूट दूर राहावे. पाणी उतरले की जागा पुन्हा मोजावी. कालव्यात, नदीच्या अरुंद पात्रात, बंधाऱ्याच्या दारांजवळ हा खेळ मुळीच करू नये. सूर्य उगवल्यावर सुरू करावा, मावळण्यापूर्वी बंद करावा. चालक दारू प्यालेला नको, राखणदार नको, आणि दोर धरणाराही नको.

वाऱ्याकडेही लक्ष हवे. २१ मे २०२४ ला संध्याकाळी उजनीच्या पाण्यात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्याने उलटली. सहा जण गेले. एक जण पोहून काठाला लागला. तिथे खेळ नव्हता, रोजची ये-जा होती. पण धरणाच्या उघड्या पाण्यावर मे महिन्यातला वळवाचा वारा किती लवकर उठतो, हे त्यावरून कळते. ढग काळवंडले, की नाव काठाला घ्यावी. पैसे परत मागायला लाजू नये.

वेगाचीही एक गोष्ट आहे. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईच्या बंदरात नौदलाची एक वेगवान बोट, इंजिनाची चाचणी चालू असताना, ताबा सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. ही बोट गेटवेहून घारापुरीला चालली होती. एकूण १५ माणसे मृत्यू पावली. मोटारीला ब्रेक असतो. नावेला ब्रेक नसतो. इंजिन थांबले तरी नाव काही अंतर पुढे जातेच. त्यासाठीच अंतर राखायचे असते.

जाकीट

पोहता येणाऱ्यानेही तरंगते जाकीट घातलेच पाहिजे. वेगाने पडल्यावर पाणी फरशीसारखे लागते. श्वास कोंडतो, कधी शुद्ध जाते. बेशुद्ध माणसाला पोहणे येते की नाही, याला काही अर्थ नाही.

जाकीट अंगाला घट्ट बसले पाहिजे. घालून सगळे पट्टे आवळावे. मग दुसऱ्याने खांद्यांशी धरून वर ओढून पाहावे. जाकीट कानापर्यंत वर आले, तर ते आपल्या मापाचे नाही. दुसरे मागावे. लहान मुलाला मोठ्याचे जाकीट घालू नये. पाण्यात पडताच ते मुलाच्या डोक्यावरून निघून जाते. साडीवर जाकीट घातले तरी पदर आणि निऱ्या पायांत गुंततात. म्हणून बायामाणसांनी दोराच्या खेळाला अंगाबरोबरचे कपडे घालावे. नुसते नावेत बसायचे असले तरी पदर खोचून घ्यावा.

कुणी बुडून बाहेर काढला, तर त्याला उलटे टांगू नये, पोट दाबून पाणी काढायच्या नादी लागू नये. त्यात वेळ जातो. तो श्वास घेत नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी, आणि कुणीतरी ताबडतोब १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. ही रीत आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून आधीच शिकून ठेवावी.

आता वाचता येते, तर वाचा

इंजिनावर चालणाऱ्या नावांसाठी पूर्वी १९१७ सालचा कायदा होता. त्याच्या जागी २०२१ साली अंतर्देशीय जलयान कायदा आला. नावेची नोंदणी, तपासणीचा दाखला, चालकाचा परवाना आणि विमा या गोष्टी त्यात सांगितल्या आहेत. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. ज्या पोरांना या धंद्यात शिरायचे आहे, त्यांनी रीतसर शिक्षण घ्यावे. गोव्यात पणजीजवळ कारंझाळे येथे केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. तिथे मोटारबोट चालवण्याचे आणि जीव वाचवण्याचे शिक्षण मिळते.

नावेवर नोंदणीचा नंबर लिहिलेला असतो. किती माणसे बसवायची, तेही लिहिलेले असते. ज्याला अक्षर येत नाही, तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. तुम्ही आता तसे नाही. पाटी स्वतः वाचा. पाटीवर दहा असेल आणि तुम्ही अकरावे असाल, तर उतरा. मागच्या फेरीला जा.

आपल्या माणसांना विचारायचा संकोच वाटतो. ‘सगळे बसले, मीच कशाला विचारू?’ असे मनात येते. पण विचारायला काय लागते? एखाद्या मावशीने म्हणावे, ‘‘दादा, तुम्ही पुढे बघणार. मग मागं माझ्या पोराकडे कोण बघणार?’’ चांगला नाववाला रागावत नाही. तो म्हणतो, ‘‘हा बघा मावशी, हा आमचा माणूस मागं तोंड करूनच बसतो.’’ जो म्हणतो, ‘‘काय होत नाही हो, बसा!’’ त्याच्या नावेत बसू नका. ‘काय होत नाही’ हे काही उत्तर नव्हे.

उद्या आपल्याच धरणावर आपल्याच पोरांनी नावा घातल्या, तर त्यांनी हा प्रश्न कुणी विचारायची वाट पाहू नये. धरणातले पाणी जलसंपदा खात्याच्या ताब्यात असते. त्याची परवानगी आधी घ्यावी. मग दोन माणसे नेमावी, जाकिटे मापाची घ्यावी, जागा मोजावी, आणि खुणांची पाटी मोठ्या अक्षरांत काठावर लावावी.

धड्यावरचे प्रश्न

१. नावेत चालकाशिवाय दुसरा माणूस कशासाठी पाहिजे?
२. पडल्यावर मूठ का सोडायची?
३. माणसाला नावेत घेताना इंजिन पुरते बंद का करायचे?
४. आपल्या जवळच्या धरणात पाणी उतरल्यावर कोणत्या वस्तू वर येतात? त्यांची यादी लिहून वर्गात वाचून दाखवा.